बोली-संवाद प्रकल्प: कामाच्या नोंदी (ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४)

१२ ऑगस्ट

कामाला आज सुरुवात. १९७५ पूर्वीच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत पात्रांच्या तोंडी आलेली बोलीतली रूपं वेचायची, एकेक रूप एक्सेलच्या शीटमध्ये टाकायचं आणि त्यातून शोधता येईल असा छोटा कोश उभा करायचा. पैसे नाहीत, मुदत नाही. भांडणंही त्यामुळे कमी होतील अशी आशा.

माणसं तीन. एक मी, एकतीस वर्षं प्रुफं वाचण्यात डोळे घालवलेला. दुसरी एम.ए. करणारी मुलगी, कागलजवळच्या गावची. तिसरा हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, मूळचा अकोटचा. ती मला सर म्हणते, तो काका म्हणतो. नोंदींत मी त्यांना कागलकर आणि अकोटकर म्हणेन. दोघांचीही हरकत नाही.

शीटचे रकाने मी आखले: मूळ रूप, शुद्ध रूप, अर्थ, पात्र, त्याची जात-धंदा, पुस्तक, आवृत्ती, पान. 'शुद्ध रूप' वाचून अकोटकरानं एक भुवई वर केली. बोलला काही नाही.

हक्कांचं आधीच ठरवून टाकलं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, त्यांचं सगळं मोकळं. अण्णाभाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे 'फकिरा' मोकळी व्हायला २०३० चा जानेवारी उजाडणार. आपल्याला हवी असलेली बहुतेक पुस्तकं अशीच बंद आहेत. तेव्हा पूर्ण मजकूर कुठेही साठवायचा नाही. शब्द घ्यायचा, पान लिहायचं, पुस्तक कपाटात ठेवायचं.

१६ ऑगस्ट

काल सुट्टी होती म्हणून स्कॅनिंग उरकलं. टेसरॅक्टला, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला, मराठी येतं, पण त्यानं शिकलेली मराठी वर्तमानपत्रातली असावी.

पहिलीच गंमत एका बोलीच्या नावात. 'वऱ्हाडी' हा शब्द यंत्र 'वन्हाडी' असा वाचतं. अर्ध्या ऱ ची ती वाकडी रेघ त्याला न चा तुकडा वाटते. 'कऱ्हाड'चं 'कन्हाड', 'तऱ्हा'ची 'तन्हा'. अकोटकर म्हणाला, एका ओळीचं काम आहे काका, सगळीकडे 'न्ह' काढून 'ऱ्ह' घालतो. घातलं. आणि सगळ्या कोल्हापुरी संवादांतलं 'न्हाई' एका फटक्यात 'ऱ्हाई' झालं. पाठोपाठ 'न्हावी'ही गेला. चहा पिऊन सगळं उलटं फिरवलं. आता प्रत्येक 'न्ह' हातानं बघायचा.

दुसरा घोटाळा फोनचा. कागलकर बसमध्ये बसून फोनवर टाइप करते. तिनं 'पानी' लिहिलं की कीबोर्ड 'पाणी' करतो, 'कुटं' लिहिलं की 'कुठं'. तिला कळेपर्यंत तीसेक ओळी साफसूफ होऊन बसल्या होत्या. "सर, ह्यो फोन लई शाना हाय," एवढंच म्हणाली आणि सूचना बंद करून टाकल्या.

२४ ऑगस्ट

उद्धव शेळके यांची 'धग', १९६०. ही अकोटकराच्या वाट्याची. कौतिक आणि तिच्या भोवतीची माणसं वऱ्हाडी बोलतात, लेखक स्वतः सांगतो ते प्रमाण मराठीत, त्यात मधूनमधून तिकडचे शब्द.

आज त्याला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं. मी मनात वाचत होतो तेव्हा प्रत्येक ओळीला अडखळत होतो: मले, तुले, त्याले, काहून, करून राह्यला. त्याच्या तोंडून तीच ओळ सरळ वाहते. 'काहून' हे माझ्या डोळ्याला नेहमी 'का म्हणून'ची मोडतोड वाटायचं. त्याच्या तोंडी तो स्वतंत्र, पूर्ण वाढलेला शब्द आहे, आणि त्यात 'का'पेक्षा थोडी जास्त तक्रार आहे.

ळ चा य होणं ही तिकडची ठळक खूण. आभाय, डोये, पयाला. जळगावकडच्या बहिणाबाईंचं 'वढाय' सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, तोही 'ओढाळ'च: ओ चा व आणि ळ चा य. पण गाण्यातला 'वढाय' गोड वाटतो आणि कादंबरीतलं 'डोये' प्रुफात दिसलं की माझी पेन्सिल आपोआप उठते. मी ते 'डोई' केलं असतं. म्हणजे डोळ्यांचं डोकं. अकोटकर यावर पाच मिनिटं हसला.

मग दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. १९३२ ते १९३८, सात खंड. त्यात शब्दापुढे कंसात (व.), (ना.), (कों.), (गो.) अशा प्रांताच्या खुणा असतात: वऱ्हाड, नागपूर, कोकण, गोवा. माझ्याकडचे खंड जड झालेत, बांधणी सुटली आहे, पण या कामाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. एकच तक्रार: ज्या शब्दाला खूण नाही तो कुठला, हे कोश सांगत नाही. तो पुण्याचा, असं आपण धरून चालतो.

२ सप्टेंबर

आज बैलपोळा. कागलकरला तिच्याकडे आजच्या दिवसाला काय म्हणतात विचारलं तर म्हणाली, आमचा बेंदूर आषाढातच झाला सर. तेवढ्यावरून एक नोंद झाली.

काम: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). माणदेश, औंध संस्थानातली शाळा, धनगरांची वस्ती. सांगणारा आहे तो तरुण मास्तर. मास्तर असल्यामुळे तो प्रमाण मराठीत सांगणार हे ओघानंच आलं, आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी आपापल्या बोलीत बोलणार हेही. अवतरणचिन्हाच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी. या जुन्या रचनेत मला नेहमी गावाच्या वेशीची आठवण येते, पण इथं ती वेस खरीच आहे. मास्तर बाहेरून चालत आलाय, भाषाही त्याच्याबरोबर आली.

इतर अनेक पुस्तकांत मात्र सांगणारा कुणीच नसतो. वरून बघणारा एक आवाज असतो, आणि तो बिनचूक शुद्ध बोलतो. माणूस शेतात, आवाज सदाशिव पेठेत.

'बनगरवाडी'चं इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये राम देशमुखांनी केलं. तिथे सगळी वस्ती इंग्रजी बोलते, मास्तरही इंग्रजीच. वेस गेली. याला भाषांतरकार काय करणार, दुसऱ्या देशातली एखादी खेडवळ बोली धनगरांच्या तोंडी घातली असती तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

वेस पार मोडणारं पुस्तक म्हणजे आनंद यादवांचं 'गोतावळा', १९७१. सांगणारा नारबा हा शेतावरचा गडी, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तो त्याच्याच बोलीत सांगतो. आमच्या शीटच्या दृष्टीनं हे पुस्तक अवघड. 'पात्र' या रकान्यात प्रत्येक ओळीला नारबाच लिहावं लागतं, आणि कुठली ओळ 'बोलीतली' म्हणून वेचायची हा प्रश्नच उरत नाही. कागलकरनं दोन दिवस प्रयत्न करून हात टेकले. "सर, हे सगळंच घ्यायला लागंल." तिच्या घरापासून यादवांचं कागल सात किलोमीटर. तिला त्यात अवघड शब्द सापडेनात, आणि मला तर पानाला दहा सापडले. शेवटी वेचण्याचं काम मी केलं आणि अर्थ तिनं लिहिले.

१० सप्टेंबर

गणपतीत एका जुन्या कंपोझिटर काकांकडे गेलो, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. वय ऐंशीच्या पुढे, हात अजून स्थिर. खिरापत खाताना विषय काढला: बोलीतलं पुस्तक जुळवायला यायचं तेव्हा काय व्हायचं?

"शिव्या द्यायचो," म्हणाले. मग सविस्तर सांगितलं. एरवीच्या मजकुरात कुठला खिळा किती लागतो याचा अंदाज ठरलेला, खिळ्यांच्या पेटीतल्या घरांचा आकारही त्या हिशोबानं. गावाकडची गोष्ट आली की हिशोब बोंबलायचा. 'ग्येला', 'क्येला', 'त्यो', 'ह्यो', 'द्येवा'. अर्धा ग, अर्धा क, अर्धा द यांची घरं दुपारपर्यंत रिकामी. आणि टिंबं! 'आरं', 'रं', 'गं', 'व्हतं', 'कुटं', प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर टिंब. टिंबाचा भाग नाजूक, झिजायचा, उडायचा. जुळवलेल्या पानांचा फॉर्म मशीनवर चढल्यावर शेवटच्या हजार प्रतींत 'आरं' चा 'आर' झालेला असायचा.

"मग करायचे काय?"

"काय करायचं? खिळे संपले की एखाद्या ठिकाणी 'ग्येला'चा 'गेला' करायचो. कोण बघतंय. प्रुफातनं सुटलं तर सुटलं." माझ्याकडे बघून हसले. "तुमच्यासारखे लोक तर खूषच व्हायचे."

घरी आल्यावर शीटमध्ये एक शेरा टाकला: एकाच पात्राच्या तोंडी 'ग्येला' आणि 'गेला' दोन्ही असतील तर लगेच लेखकाच्या कलेबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. खिळे संपले असतील.

१९ सप्टेंबर

मालवणीला माणूस नाही. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) टेबलावर तसंच पडून आहे. माका, तुका, खंय, झील, चेडू एवढं कुणालाही कळतं, पण कुठल्या शब्दाला दळवींच्या आरवलीत काय वजन आहे ते सांगणारा हवा. भाषाशास्त्रज्ञ घाटग्यांनी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ मध्ये कुडाळीवर, म्हणजे कुडाळकडच्या मालवणीवर, पुस्तक केलं आहे, ते मिळवलंय. ते उच्चार देतं, वजन देत नाही. थांबायचं.

२३ सप्टेंबर

आज माझंच पितळ उघडं पडलं.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली', १९५५. गेल्या महिन्यात मी ती चाळून 'बोलीतले संवाद: थोडे, कुळवाड्यांचे' असा शेरा मारून बाजूला ठेवली होती. आज अकोटकरानं सहज उघडली आणि दहा पानं वाचून विचारलं, "काका, ही जी बाई सांगून राहिली ना, हे कोणत्या भाषेत सांगते?"

अंबूवहिनी. सगळी कादंबरी तिच्या तोंडची आहे. कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईची बोली, तिचे हेल, तिचे शब्द, तिच्या वाक्यांची वळणं. अख्खं निवेदन बोलीत, 'गोतावळा'च्या सोळा वर्षं आधी. आणि मला ती बोली म्हणून दिसलीच नाही. माझी आजी गुहागरकडची. मला ते 'आजीचं बोलणं' वाटलं होतं.

मी आखलेला आराखडा असा होता: आधी बोली अवतरणचिन्हात कोंडलेली, मग १९७१ ला सुटली. छान सरळ रेष होती. आता ती रेष खोडायची. कोकणस्थ वहिनीला निवेदन मिळालं तेव्हा कुणी त्याला बोलीचं बंड म्हटलं नाही, निदान माझ्यासारख्यांनी तर नाहीच. शेतगड्याला मिळालं तेव्हा ती घटना वाटली. शीटमध्ये 'जात-धंदा' हा रकाना मी पात्रांसाठी ठेवला होता. शेरा मारणाऱ्यासाठीही एक हवा होता.

'पडघवली' पुन्हा पहिल्या पानापासून. माझ्याकडेच.

२९ सप्टेंबर

या आठवड्यात एका जुन्या विनोदी ग्रामीण कथासंग्रहावर अडकलो. एक जाडजूड पाटील, एक मास्तर. पाटील 'पायजे' म्हणतो, मास्तर 'पाहिजे'. पाटील 'म्हंजे', मास्तर 'म्हणजे'.

नाश्त्याला बसल्यावर शंका आली आणि फोनचं रेकॉर्डिंग गुपचूप चालू केलं. दहा मिनिटांत मी आणि आमच्या सौ., दोघंही पुण्यात जन्मलेले, दोघंही मराठी विषय घेऊन बी.ए. झालेले: 'पायजे' चार वेळा, 'म्हंजे' सहा वेळा, 'नाई' मोजले नाहीत. 'पाहिजे' असं ह सकट कुणीही एकदाही म्हणालं नाही. सौ.ना ऐकवल्यावर त्या म्हणाल्या, मी असं बोलतच नाही, आणि हे म्हणताना पुन्हा 'बोलतच नाई' म्हणाल्या.

म्हणजे पाटील आणि मास्तर एकच शब्द सारखाच उच्चारतात. फरक फक्त छापण्यात. मास्तराला लेखकानं लिहिलेलं बोलायला दिलंय आणि पाटलाला बोललेलं लिहून दिलंय. वाचकाला मात्र एक शिकलेला आणि एक अडाणी दिसतो.

याउलट 'व्हय', 'इहीर', 'इचार', 'कशापायी', 'येळ' यांत कानाला खरा फरक आहे. शीटमध्ये नवा रकाना घातला: 'कानाला फरक? हो/नाही'. उलट्या दिशेनं सगळ्या जुन्या ओळी तपासायला घेतल्या. 'नाही' बरेच निघताहेत, विशेषतः विनोदी पुस्तकांत. 'धग'मध्ये फार कमी.

त्याच संग्रहात आणखी एक खोड दिसली. पाटील फजित होतो तेव्हा त्याची बोली दाट असते, ओळीत पाच-पाच रूपं. शेवटच्या गोष्टीत त्याचा मुलगा वारतो, आणि तिथे बाप जवळजवळ प्रमाण बोलतो. लेखकाला बहुधा भीती वाटली असावी की वाचक इथेही हसेल. त्याला स्वतःच्या वाचकांची चांगली ओळख होती म्हणायचं.

ही वाटणी जुनी आहे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि सेवक प्राकृत, आणि 'मृच्छकटिका'तल्या शकाराला तर वेगळीच मागधी वळणाची भाषा दिली आहे, स चा श करणारी. प्रेक्षकानं त्याला हसावं यासाठी. पण मराठीत उलटी उदाहरणंही पहिल्यापासून आहेत. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं त्यात कुणबी आणि त्याची बायको ही हसण्याची पात्रं नाहीत. त्यांना लुबाडणारा जोशी उघडा पडतो. कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' १८८८ ची. शेतकऱ्याला मध्यभागी ठेवणारं लिखाण सत्यशोधकांकडून आलं, ते आम्ही कॉलेजात शिकलो तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिथं ग्रामीण साहित्य पेंडसे-माडगूळकरांपासून सुरू व्हायचं.

४ ऑक्टोबर

काल केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सगळ्या ग्रुपांवर पेढे. अकोटकरानं आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिहिलं, "आता तरी 'शुद्ध रूप' काढा काका."

मी फोन केला. अर्धा तास वाद. माझं म्हणणं, शोधणाऱ्याला काहीतरी दार पाहिजे. 'डोये' माहीत नसलेला माणूस 'डोळे' टाकूनच शोधणार. त्याचं म्हणणं, दार ठेवा, पण त्यावर 'शुद्ध' अशी पाटी का? "माही माय जे बोलते थे मंग काय, अशुद्ध?" तो एरवी माझ्याशी पुणेरी बोलतो. हे वाक्य मुद्दाम घरच्या भाषेत होतं.

रकान्याचं नाव 'प्रमाण रूप' केलं. तो म्हणाला, बरं. खूष नव्हता.

१४ ऑक्टोबर

कागलकर एका कथासंग्रहाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून जुळवते आहे. पुस्तकाचं नाव इथं लिहीत नाही, का ते पुढे येईल. पहिली आवृत्ती साठच्या दशकातली, दुसरी नव्वदच्या दशकातली. संध्याकाळी तिचा फोन.

"सर, एक इचारू? ह्यातली बाई जुन्या पुस्तकात 'मी येतो', 'मी गेलो' म्हणते. नव्यात 'येते', 'गेले' केलंय. कुणी बदललं असंल?"

मी म्हटलं, बघतो.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे बायका स्वतःबद्दल 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात. ही चूक नाही, तिकडचं व्याकरण आहे. कागलकरसुद्धा फोन ठेवताना रोज "ठेवतो सर" म्हणते. दोन महिने मी ते ऐकतोय.

१५ ऑक्टोबर

झोप नीट लागली नाही. ते मीच बदललंय.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं माझ्याकडे होती. प्रकाशक आता नाही, लेखक त्याआधीच गेले होते, विचारायला कुणी नव्हतं. मला आठवतं, पहिला 'मी आलो' दिसला तेव्हा मला वाटलं खिळा जुळवणाऱ्याची चूक. दुसरा दिसला तेव्हा वाटलं, लेखकाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्याला मी फॉर्मच्या कडेला अभिमानानं लिहिलं होतं: 'लिंग पाहावे'. मग सगळीकडे दुरुस्त करत गेलो. संपादकांनी शाबासकी दिली.

खरंतर 'न्हाई', 'व्हय', 'कशापायी' यांना मी हात लावला नव्हता. ते मला बोली म्हणून ओळखू येत होते. शब्द वेगळा दिसला की आपण थांबतो, बोली आहे म्हणतो. 'आलो' हा शब्द माझा रोजचाच, फक्त तो बाईच्या तोंडात होता. व्याकरणातली बोली डोळ्याला अशी सापडत नाही.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, तिच्या हॉस्टेलवर दूध होतं म्हणून भेट आज. तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या शाळंत पण बाई असंच करायच्या सर. मी 'आलो बाई' म्हटलं की म्हणायच्या, तू मुलगा हाईस का?" आणि पुढे, "आजीला कुणी इचारलं न्हाई कधी."

नंतर ती शीटकडे वळली आणि आम्ही कामाला लागलो. त्या पुस्तकासाठी वेगळी पाटी केली: 'दुसऱ्या आवृत्तीत बदललेली रूपं', आणि पुढे 'बदल कुणी केला' यात माझी आद्याक्षरं.

२६ ऑक्टोबर

या निमित्तानं पुनर्मुद्रणाचा नियम पुन्हा वाचला. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ ला चारांची भर पडून अठरा. त्यातला एक: केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, त्यानंतरचं, या दोघांसकट, नव्या नियमांनी. म्हणजे मराठी कादंबरीचा जवळजवळ सगळा प्रवास 'नव्या नियमांनी' या बाजूला पडतो.

निवेदनात 'घरांत'चं 'घरात' आणि 'नाहीं'चं 'नाही' झालं तर माझं काही जात नाही, ती टिंबं कुणी उच्चारत नव्हतं. पण छापखान्यात टिंबं काढायला बसलेला माणूस अवतरणचिन्ह बघून थांबत नाही. कोकणातल्या काही बोलींत नाकातला उच्चार खरोखर ऐकू येतो. तिथलं टिंब काढलं की आवाजच काढला जातो. आणि आणखी एक. त्या काळच्या छापील मराठीत 'केलें' हे लिहिण्याचं रूप आणि 'केलं' हे बोलण्याचं. मी या नोंदी 'केलं-झालं'मध्ये लिहितो आहे. शंभर वर्षांपूर्वी हीच अक्षरं पात्राच्या तोंडी शोभली असती, लेखकाच्या हाती नाही.

ठरलं: शक्य तिथे पहिल्याच आवृत्तीवरून वेचायचं. जिथे पहिली मिळत नाही तिथे 'आवृत्ती' रकाना लाल.

७ नोव्हेंबर

दिवाळीत काम शून्य. अकोटकर गावी जाऊन आला, येताना आईच्या आवाजात 'धग'मधले वीस शब्द रेकॉर्ड करून आणलेत. त्यातल्या तीन शब्दांवर आई म्हणते, 'हे आमच्याइकडलं नोहे, थे अमरावतीकडलं.' वऱ्हाडी एकच, हा समज माझ्या शीटमधूनही आता गेला, 'व.' पुढे तालुका लिहायचा.

ग्रिअर्सनच्या ब्रिटिश काळातल्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५, स्टेन कोनोनं तयार केलेला, तो उतरवून घेतला. प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या मुलाचीच गोष्ट, त्यामुळे 'मला' कुठे 'मले' होतो आणि कुठे 'माका', हे शेजारी ठेवून बघता येतं. कादंबऱ्या तपासायला चांगली फूटपट्टी. पण त्या गोष्टीतला बाप सगळीकडे सारखाच बोलतो, शिस्तीत, कुणीतरी लिहून घेतोय हे माहीत असल्यासारखा. कौतिक तशी बोलत नाही.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन आल्यावर ते पुस्तक घेऊन बसलो. माझी स्वतःची प्रत, दुसरी आवृत्ती, प्रकाशकानं तेव्हा भेट दिलेली. शेजारी पहिल्या आवृत्तीची कागलकरनं आणलेली प्रत, ग्रंथालयाची, पिवळी.

पेन्सिल टोकदार केली आणि एकेक 'येते', 'जाते', 'गेले' शोधून कडेला मूळ रूप लिहीत गेलो. येतो. जातो. गेलो. एकूण अकरा ठिकाणं. दहा झाली. अकराव्या ठिकाणी ती बाई नवऱ्याला सोडून माहेरी पोचते आणि दारात उभी राहून एकच शब्द बोलते. माझ्या प्रतीत तो 'आले' आहे. ग्रंथालयाच्या प्रतीत त्या पानाचा खालचा कोपरा कसरीनं खाल्लाय, 'आ' दिसतो, पुढे भोक.

दहा ठिकाणांवरून अकरावं काय असणार ते उघड आहे. कागलकरला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "आलो च असणार सर, पन बघिटल्याशिवाय लिहू नका." दुसरी प्रत सांगलीच्या एका वाचनालयात आहे म्हणाली, ती पुढच्या महिन्यात घरी जाईल तेव्हा बघून येईल. तोवर रकाना रिकामा.